शासकीय की शासनमान्य? गावातलं वाचनालय नेमकं कुणाचं

"सरकारी वाचनालय आहे ना, मग वर्गणी कसली?" गावातल्या वाचनालयात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याचा तरी काय दोष! पाटीवर ठळक अक्षरांत 'शासनमान्य' लिहिलेलं असतं. त्यातलं 'शासन' डोळ्यांत भरतं, 'मान्य' राहून जातं.

शासकीय ग्रंथालय खुद्द सरकार चालवतं. ग्रंथपालाची नेमणूक, त्याचा पगार, पुस्तकखरेदी, सगळं सरकारी. मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागीय आणि जिल्ह्याच्या ठिकाणची शासकीय ग्रंथालयं या प्रकारातली. ती मोजकीच आहेत आणि खेड्यापासून लांब.

शासनमान्य ग्रंथालय मुळात गावकऱ्यांची संस्था. चारचौघं एकत्र येतात, संस्था नोंदवतात, सभासद करतात, कार्यकारी मंडळ निवडतात. पुढे 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळाली की पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं वगैरे मोजून अ, ब, क किंवा ड वर्ग ठरतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान. खेड्यातली बहुतेक क आणि ड मध्येच असतात. शेजारच्या कर्नाटकात ग्रंथालयांसाठी उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही, त्यामुळे सगळी भिस्त अनुदानावर आणि वर्गणीवर. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ करायचं ठरलं. पण मूळ रक्कमच तुटपुंजी असेल तर टक्क्यांचं किती कौतुक करायचं? त्यातच पगार, पुस्तकं, वीजबिल आणि गळकं छप्पर.

म्हणूनच टेबलामागे बसलेल्या माणसाला 'सरकारी नोकर' म्हणणं ही चेष्टाच आहे. कुलूप तोच उघडतो, झाडूही तोच मारतो, आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही तोच लिहितो, आणि तपासणीच्या दिवशी उत्तरंही त्यालाच द्यावी लागतात. वेतनश्रेणीची मागणी मात्र वर्षानुवर्षं मागणीच राहिली आहे.

आता या वाचनालयाचा उपयोग कुणाला होतो? सकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी. एकाच पेपरची पानं सुटी करून चौघं वाचतात. दिवाळीनंतर थोडी जादा वर्गणी भरून दिवाळी अंक घरी नेणाऱ्या बायका. आणि हल्ली सगळ्यांत जास्त, पोलीस भरती नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. कादंबऱ्यांच्या कपाटाकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही चालू. त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि शांतता. पुस्तकांची देवघेव पाहून 'वाचनालय ओस पडलंय' असा निकाल देणाऱ्यांना ही पोरं दिसत नाहीत, कारण देवघेवीच्या रजिस्टरात त्यांची नोंद होत नाही. वाचनालयाचं काम रजिस्टरावरून जोखणं मला म्हणूनच पटत नाही.

पाचगणीजवळच्या भिलारचं उदाहरण इथे कुणीतरी हटकून देतं. 2017 साली सुरू झालेलं ते 'पुस्तकांचं गाव' शासकीय आणि शासनमान्य या दोन्हींत बसत नाही. उपक्रम सरकारचा, पुस्तकं गावकऱ्यांच्या घरांत, आणि बाहेरून आलेला वाचकही तिथे बसून वाचतो. आपल्या गावच्या ड वर्गाची त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

शासकीय आणि शासनमान्य यांतला फरक खरा कळतो तक्रार करताना. शासकीय ग्रंथालयाबद्दल अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. शासनमान्य ग्रंथालयाच्या बाबतीतही जिल्हा ग्रंथालय अधिकारी हिशेब आणि नियम तपासतात, पण संध्याकाळी दोन तास जादा उघडं ठेवा किंवा अमुक पुस्तक आणा, हे सभासदांनी वार्षिक सभेत उठून सांगायचं असतं. तिथे गणपूर्तीपुरतीही माणसं जमत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच सात-आठ जणांत पुन्हा भरते.