बोले ठराव
अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने वापरू द्यावेत, अशी शिफारस करणारा मुंबई कायदे कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिशकालीन मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचा, ठराव. कौन्सिलने तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला आणि पुढे तो मांडणाऱ्या सीताराम केशव बोले यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

बोले हे भंडारी समाजातले समाजसुधारक आणि मुंबईतील कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांच्याकडे होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले ते याच वेळी. ठरावामागची कळकळ कौन्सिलात आल्यावर सुचलेली नव्हती, हे यावरून दिसते.

ठरावाची शब्दयोजना जपून केलेली आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातली ठिकाणे एवढ्यांपुरताच तो बोलतो. खाजगी विहिरींना त्याने हात लावला नाही. शिवाय १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनी कौन्सिलचे अधिकार वाढले असले, तरी ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्याचे बळ शिफारशीइतकेच. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले, पण स्थानिक संस्थांच्या बाबतीत ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी द्यावा, एवढ्यावरच भागवले. विहिरी आणि तळी बहुतांशी याच संस्थांच्या हातात असल्याने सारी मेख या वाक्यात होती.

कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केले, परंतु सवर्णांच्या विरोधापुढे ते कागदावरच राहिले. स्थानिक संस्था हलत नाहीत हे पाहून बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला आणि पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान रोखण्याची शिफारस केली. विनवणीची भाषा सोडून त्यांनी थेट पैशाला हात घातला, हा या दुसऱ्या ठरावाचा विशेष. पहिल्याच्या मानाने त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाड येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतील प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. पुढे नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तो दिवस होता ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली तो दिवस. तळे खाजगी मालकीचे असून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात केला. मुंबई उच्च न्यायालयाने अखेर १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्येही विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्यासंबंधी राज्याच्या निधीची अट आहे. पण तिथे तो निधी अंशतः असला तरी चालतो, आणि सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेली ठिकाणेही त्या कक्षेत येतात.