आधी घड्याळ, मग ताट: ज्येष्ठांचा लठ्ठपणा आणि ठरावीक तासांतलं खाणं

‘आठ तासांत काय ते खाऊन घ्या, उरलेले सोळा तास पोटाला विश्रांती’ हा सल्ला आता साठी-सत्तरीच्या लठ्ठ माणसांनाही सर्रास दिला जातो. ज्या प्रयोगांतून तो निघाला, त्यांत म्हातारी माणसं नव्हतीच, उंदीर होते. आणि खाण्याच्या दर्जाचा प्रश्न तिथे मुद्दाम बाजूला ठेवलेला होता.

शरीराची दिवसरात्रीची लय सांभाळणारं जैविक घड्याळ बिघडलेले उंदीर लठ्ठ होतात, हे २००५ मध्ये दिसलं. एरवी झोपायच्या वेळी खायला दिलेल्या उंदरांचं वजन जास्त वाढतं, हे २००९ मध्ये. मग २०१२ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेतल्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने दोन गटांतल्या उंदरांना एकच, भरपूर चरबीचं खाद्य दिलं. एका गटासमोर ते दिवसरात्र असे. दुसऱ्याला रात्री, म्हणजे उंदरांच्या जागेपणी, फक्त ८ तास. वेळ संपली की उचलून नुसतं पाणी असलेल्या पिंजऱ्यात. शंभराहून अधिक दिवस हे चाललं. दोघांच्या पोटात कॅलरी जवळपास सारख्याच गेल्या, तरी पहिला गट लठ्ठ झाला आणि दुसरा त्यातून बराचसा वाचला. खाद्य तेच ठेवल्यामुळेच तर वेळेचा परिणाम वेगळा काढता आला. प्रयोग म्हणून हे चोख होतं. पण पुढे लोकांनी त्याचा अर्थ ‘काहीही खा, वेळ पाळा’ असा लावला, तो मात्र त्यात नव्हता.

माणसांवरचे निकाल इतके ठसठशीत आले नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खाणारे आणि तीन वेळा जेवणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक पडला नाही. उलट, ज्यांची सविस्तर मोजमापं झाली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबीखेरीजच्या भागाचा वाटा काळजी वाटावी इतका निघाला. त्यात स्नायूही आले. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरी दिल्या गेल्या. त्यावर वेळेचं बंधन घातल्याने लक्षणीय असा वेगळा फायदा झाला नाही.

तरुणपणी थोडे स्नायू गेले तर परत कमावता येतात. उतारवयात ते अवघड, आणि याचा अभ्यास घड्याळवाल्यांच्या बराच आधीपासून, वेगळ्याच मंडळींकडून चालू होता. वयानुसार स्नायू झडण्याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं. २०११ मध्ये डेनिस व्हिलारेयाल यांच्या गटाने ६५ वर्षांपुढच्या १०७ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाचणी घेतली. नुसता आहार कमी केलेल्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के आणि खुब्याच्या हाडाची घनता ३ टक्के घटली. आहाराला व्यायामाची जोड दिलेल्यांत हेच आकडे ३ आणि १ टक्का होते. ज्येष्ठांच्या वजनघटीवर बोलताना मला तरी ही चाचणी सगळ्यात आधी आठवते.

आहाराचा दर्जा मोजण्याची परंपरा तिसरीच. अमेरिकेच्या कृषी खात्याचा १९९५ चा आरोग्यदायी आहार निर्देशांक १०० पैकी गुण देतो: भाज्या, फळं, धान्यं किती, मीठ किती. जेवण किती वाजता झालं, याला त्यात गुण नाहीत.

हे तिन्ही धागे एकत्र यायला लागले ते अगदी अलीकडे. २०१९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ६५ वर्षांपुढच्या १० वजनदार व्यक्तींनी ४ आठवडे रोज सोळाएक तास उपाशी राहून पाहिलं. वजन सरासरी २.६ किलो उतरलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे ज्येष्ठांना जमतं, यापलीकडे फार काही म्हणता येत नाही.

खरी अडचण हिशेबात आहे. २०१३ पासून तज्ज्ञगट ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. ७५ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. तीन जेवणांत हे २५-३० ग्रॅमवर भागतं. आठ तासांच्या बंधनात नाश्ता गळला की प्रत्येक बैठकीला ४० ग्रॅमच्या आसपास जावं लागतं, आणि वयाबरोबर भूक मंदावलेली असते. नाश्त्याबरोबर दूध, फळं, धान्यंही गेली, तर दर्जाही घसरतो.

शिवाय औषधं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या, साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना लांब उपास केल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा लागतो.