लाइट रेल स्थानकाशेजारचा टॉवर : वाहनतळाच्या जमिनीची पार्श्वभूमी

लाइट रेलच्या, म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधल्या हलक्या शहरी रेल्वेच्या, स्थानकाला लागून पंचवीस-तीस मजली इमारतीचा प्रस्ताव आला की जाहीर सुनावणीत पहिली हरकत उंचीवर येते. खाली दुकाने, त्यावर कार्यालये, वर घरे आणि पलीकडच्या गल्लीत दुमजली घरांची जुनी वस्ती. सावली पडेल, उजेड अडेल, मोटारी वाढतील. या हरकती खोट्या नाहीत. पण विशेषतः उत्तर अमेरिकेत असे अनेक प्रस्ताव ज्या जमिनीवर येतात, ती जमीन आधी स्थानकाचे वाहनतळ असते. स्थानकाभोवतीची जागा उभ्या मोटारींना का दिली गेली आणि ती मोकळी करताना कोणत्या अटी घातल्या गेल्या, हे पाहिल्याशिवाय उंचीचा वाद उलगडत नाही.

स्थानक आणि वस्ती एकत्र वाढवण्याची कल्पना नवी नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये १८८८ साली विजेच्या ट्रामचे जाळे यशस्वी झाले आणि त्यानंतर अमेरिकेत ट्रामचे मालकच मार्गालगतची शेते विकत घेऊन प्लॉट पाडू लागले. जपानमध्ये ओसाकाजवळ एका खासगी रेल्वेने १९१० साली मार्गालगत घरे बांधून हप्त्यांवर विकली आणि १९२९ साली शहरातल्या शेवटच्या स्थानकावर स्वतःचे भव्य दुकान उघडले. लंडनच्या वायव्येला एका रेल्वे कंपनीने १९१९ साली घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली. या साऱ्यांना जमिनीचा नफा तिकिटाच्या उत्पन्नाइतकाच, काही वेळा त्याहून जास्त महत्त्वाचा होता. पुढे अमेरिकेत मोटार आली, ट्राम कंपन्या बुडाल्या. शिवाय झोनिंगने, म्हणजे जमिनीच्या वापराच्या नियमांनी, घर, दुकान आणि कचेरी यांना वेगवेगळ्या पट्ट्यांत टाकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली या विभागणीला मान्यता दिली आणि एकेकाळी सर्रास दिसणारी खाली दुकान-वर बिऱ्हाड ही रचना अनेक उपनगरांत नियमबाह्य ठरली. आज ‘मिश्र वापर’ म्हणून जी वेगळी परवानगी मागावी लागते, तिचे मूळ इथे आहे.

निर्णायक काळ मात्र १९७० नंतरचा. तेलटंचाईने शहरांना पुन्हा रुळांकडे वळवले, पण भुयारी मेट्रोचा खर्च मध्यम आकाराच्या शहरांना झेपणारा नव्हता. कॅनडातल्या एडमंटनने १९७८ साली लाइट रेल सुरू केली, कॅनडातल्याच कॅलगरीने आणि अमेरिकेतल्या सॅन दिएगोने १९८१ साली. तिन्ही ठिकाणी फ्रँकफर्टसाठी बनवलेल्या जर्मन गाडीचाच नमुना धावला. सॅन दिएगोने तर वादळात मोडलेला जुना मालगाडीचा मार्ग विकत घेतला आणि केंद्र सरकारच्या पैशांविना पहिली लाइन उभी केली. त्या काळात ही मोठी कामगिरी मानली गेली आणि ती होतीही.

त्या काटकसरीची किंमत पुढच्या पिढीने मोजली. रूळ जिथे स्वस्तात मिळाले तिथे स्थानके झाली, म्हणजे गोदामांच्या मागे, मालधक्क्यांच्या कडेला, महामार्गाच्या खाचेत. अमेरिकेतल्या पोर्टलंडने १९७४ साली एक नियोजित महामार्ग रद्द केला, त्याचे पैसे सार्वजनिक वाहतुकीकडे वळवले आणि १९८६ साली पहिली लाइट रेल सुरू केली. महामार्ग नाकारून रेल्वे बांधणे हा धाडसी आणि योग्य निर्णय होता. तरीही त्या मार्गाचा बराच भाग दुसऱ्या, अस्तित्वात असलेल्या महामार्गाच्या कुशीतून गेला. अशा स्थानकापासून पायी दहा मिनिटांत जिथवर पोचता येते त्या वर्तुळाचा मोठा हिस्सा रस्त्याने आणि त्याच्या उतारांनी खाल्लेला असतो. राहणारी माणसे जवळ नाहीत, मग प्रवासी आणायचे कुठून? उत्तर एकच सुचले : मोटारीने येऊ द्या, गाडी इथे लावू द्या आणि पुढे रेल्वेने जाऊ द्या. पार्क-अँड-राइडची पटांगणे अशी पसरली.

या निर्णयाचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. येण्या-जाण्याच्या मार्गिका धरल्या तर एका मोटारीला जमिनीवर साधारण तीस चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एका हेक्टरात तीनशेच्या आसपास मोटारी. बहुतेक मोटारींत एकच माणूस असतो आणि सकाळी भरलेले पटांगण संध्याकाळपर्यंत हलत नाही. स्थानकाला चिकटलेली, सर्वांत मोलाची हेक्टरभर जमीन रेल्वेला दिवसाकाठी जेमतेम तीन-चारशे प्रवासी देते. दुपारी, रात्री, रविवारी जवळपास काहीच नाही. त्याच जागेवर घरे असती तर लोक दिवसभर, दोन्ही दिशांना, मुलांच्या शाळेसाठी आणि बाजारहाटासाठी गाडीत चढले असते.

हे कळले तेव्हा पटांगणांवर इमारती बांधायच्या योजना निघाल्या आणि मग या साऱ्या इतिहासातली सर्वांत वादग्रस्त अट पुढे आली : एकास एक भरपाई. इमारतीमुळे पार्किंगची जितकी जागा जाईल तितकी त्याच आवारात पुन्हा उभी करायची. ऐकायला ही अट रास्त वाटते, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. अनेक लाइन लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या विक्रीकरातून बांधल्या गेल्या. लॉस एंजेलिसच्या परिसराने १९८० साली अर्ध्या टक्क्याचा असा कर स्वीकारला. दूरच्या उपनगरातल्या माणसाने वर्षानुवर्षे तो कर भरला, त्याच्या दारी बस येत नाही, पहाटेच्या पाळीला जायचे असते. त्याच्यासाठी वाहनतळ हेच स्थानकाचे प्रवेशद्वार होते. ते काढून घेताना त्याला पर्याय न देणे अन्यायाचेच होते.

पण अटीचा परिणाम काय झाला ते पाहा. मोकळ्या जमिनीवर डांबर आणि पट्टे मारून एक जागा तयार होते. तीच जागा बहुमजली वाहनतळात न्यायची तर खर्च अनेक पटींनी वाढतो आणि जमिनीखाली न्यायची तर त्याहूनही वाढतो. त्यात नगर नियमांची वेगळी अट असते, प्रत्येक सदनिकेमागे इतक्या मोटारी. कोलंबस, ओहायोने १९२३ साली निवासी इमारतींना अशी अट घातली होती आणि ती देशभर पसरली. म्हणजे एकाच इमारतीला दोन पार्किंग उभारायची : एक रेल्वेच्या प्रवाशांचे, एक रहिवाशांचे. हा बोजा कुठून वसूल होणार? वरच्या मजल्यांतूनच. तळाशी चार-पाच मजले मोटारींचे, मग त्यांचा खर्च भरून काढायला वर आणखी मजले, आणि तरीही हिशेब जुळला नाही तर सर्वप्रथम कापली जातात ती परवडणारी घरे. सुनावणीत ‘इमारत बुटकी करा’ आणि ‘पार्किंग वाढवा’ या दोन्ही मागण्या एकाच दमात केल्या जातात. दुसरी मागणी पहिलीचा घात करते, हे तिथे फारसे कोणी स्पष्ट सांगत नाही. सांगायला हवे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या जलद रेल्वेने, ती लाइट रेल नसली तरी तिचे वाहनतळ अवाढव्य होते, २००५ साली ही सरसकट अट सोडली आणि प्रत्येक स्थानकाचा वेगळा विचार सुरू केला. किती मोटारी खरोखर येतात, त्यांतल्या किती जण बसने किंवा सायकलने येऊ शकतील, पार्किंगला पैसे लावले तर काय होईल, असे प्रश्न मग विचारले जाऊ लागले. नगर नियमांची बाजू सुटायला मात्र जास्त वेळ लागला. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून प्रमुख सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक प्रकल्पांवर पार्किंगची सक्ती करायला स्थानिक संस्थांना मनाई केली.

जमीन कोणाची राहणार, हा दुसरा धागा. केंद्र सरकारच्या अनुदानातून घेतलेली जमीन विकून किंवा भाड्याने देऊन मिळालेले पैसे अमेरिकेतल्या वाहतूक संस्थांनी स्वतःकडे ठेवावेत, ही मोकळीक १९९७ च्या धोरणाने दिली आणि प्रस्तावांना वेग आला. हाँगकाँगने रेल्वेला विकासाचे हक्क रेल्वे येण्याआधीच्या जमिनीच्या भावाने देऊन, स्थानकांवर आणि डेपोंवर मनोरे उभारून रेल्वेचा खर्च काढण्याची पद्धत त्याआधीच रुळवली होती. विक्रीने एकरकमी पैसा हाती येतो. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तो हळूहळू येतो, पण जमीन सार्वजनिक राहते. स्थानक शंभर वर्षे तिथेच असणार आहे, त्यामुळे भाडेपट्टाच योग्य.

उंचीबद्दलचे दोन अनुभव इथे नोंदवायला हवेत. लंडनच्या जुन्या गोदी भागात १९८७ साली अवघ्या ७.७ कोटी पौंडांत हलकी रेल्वे सुरू झाली. ती एकेका जोडडब्याच्या छोट्या गाड्यांसाठी आखलेली होती, पण तिचे काम चालू असतानाच तिथे प्रचंड कार्यालयीन वसाहतीचा बेत पुढे आला आणि १९९१ साली २३५ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. रेल्वेला ते ओझे पेलेना. फलाट लांबवावे लागले, मार्ग शहराच्या मध्यापर्यंत न्यावा लागला, त्यात विकासकाने वाटा उचलला, आणि पुरेशी क्षमता १९९९ साली भुयारी रेल्वेचा मार्ग आल्यावरच मिळाली. टॉवरच्या विरोधकांनी विचारायचा सर्वांत वजनदार प्रश्न हाच आहे : सकाळच्या गर्दीच्या तासात या लाइनवर किती जागा शिल्लक आहेत? सावलीच्या नकाशांपुढे तो मागे पडतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरने १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर उन्नत, चालकविरहित हलकी रेल्वे सुरू केली आणि पुढे उपनगरांतल्या निवडक स्थानकांभोवती मनोऱ्यांचे पुंजके वाढू दिले. रस्त्याकाठी तीन-चार मजल्यांचा पाया, त्यात दुकाने, आणि त्यातून वर जाणारा सडपातळ मनोरा ही त्या शहराच्या मध्यभागात घडलेली रचना आज जगभरच्या प्रस्तावांत दिसते. याच्या उलट पोर्टलंडच्या पश्चिमेला १९९८ साली मार्ग पोचला तेव्हा एका स्थानकाजवळ दोन-चार मजली घरे, दुकाने आणि चौक यांची वसाहत आकार घेत होती, कारण तिथे जमिनीचे नियम रेल्वे येण्याआधीच बदललेले होते. मोकळी जमीन मुबलक आणि वेळेवर मिळाली तर टॉवरची गरज पडत नाही. चाळीस वर्षांनी उरलेल्या एका पटांगणावर सगळी कसर भरून काढायची तर पडते.

गेल्या काही वर्षांत निर्णयाची जागा स्थानिक मंडळांकडून वर सरकते आहे. कॅलिफोर्नियात स्थानकांजवळ उंच इमारतींना राज्यपातळीवर मुभा देण्याचे प्रयत्न २०१८ आणि २०२० साली फसले. २०२५ साली तसा कायदा झाला, पण त्याची कमाल मर्यादा नऊ मजल्यांच्या आसपास आहे आणि लाइट रेलच्या थांब्यांना ती मेट्रोपेक्षा थोडी कमी. म्हणजे पंचवीस-तीस मजल्यांच्या प्रस्तावाला तिथेही वेगळी मंजुरी लागतेच.

कोविडच्या महासाथीने आणखी एक बदल केला. घरून काम वाढले, सकाळी भरणारी पटांगणे अर्धी रिकामी राहू लागली आणि नव्या कार्यालयांची मागणी घटली. त्यामुळे आधी आखलेल्या अनेक आराखड्यांतून कचेऱ्यांचे मजले वगळून तिथे घरे दाखवली जात आहेत. एकास एक भरपाईचे आकडे मात्र काही करारांत महासाथीपूर्वीच्या मोजणीवरच उभे आहेत. प्रस्तावाची कागदपत्रे हाती आली की उंचीचे पान उलटून आधी ते आकडे कोणत्या वर्षाचे आहेत ते पाहावे, आणि जुने असतील तर नव्या मोजणीची मागणी सुनावणीतच नोंदवावी.