नवी डिझेल पिकअप आणि तिचा हौदा : गाडी बुक करण्यापूर्वी वाचावे यासाठी

पिकअपच्या बॉडी बांधणारी आमची कार्यशाळा जुन्नर तालुक्यात पुणे–नाशिक महामार्गालगत आहे. आमचे बहुतेक ग्राहक टोमॅटो, कांदा, दूध किंवा रोपवाटिकेतील रोपे वाहणारे शेतकरी आणि लहान वाहतूकदार आहेत. शोरूममधून निघालेली नवी गाडी अनेकदा हारासकट आमच्या दारात येते आणि मालक उतरताच पहिला प्रश्न विचारतात, तो हौदा, म्हणजे माल भरण्याची मागची बॉडी, किती उंच करून मिळेल हा. त्या वेळेपर्यंत मॉडेल ठरलेले असते, कर्ज मंजूर झालेले असते आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वजन छापलेले असते, त्यामुळे आम्ही प्रामाणिकपणे देऊ शकू असा सल्ला फारच थोडा उरतो. म्हणून हे माहितीपत्रक गाडी घेण्याआधी हातात पडावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

वजनाचा हिशेब

कोणत्याही पिकअपच्या आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडीची वहनक्षमता. चालक, त्याच्या शेजारी बसणारा माणूस, ताडपत्री, दोर आणि आम्ही बसवलेला प्रत्येक किलो लोखंड या सगळ्यांना त्या फरकातूनच जागा द्यावी लागते. बॉडी मजबूत केली म्हणजे गाडी जास्त माल उचलते, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात बॉडी जितकी जड, तितका कायद्याने नेता येणारा माल कमी.

उदाहरण म्हणून १७०० किलो वहनक्षमतेची गाडी घेऊ. हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर होते. लोखंडी पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर ७.८५ किलो भरते, म्हणजे तळावर ३ मिमीचा जादा पत्रा टाकला की १०८ किलो वाढतात. २ मिमीचा टाकला तर ७२ किलो. ३ मिमीच्या पत्र्यावर पाइप आणि जाळीचा पिंजरा उभा केला आणि तो ९० किलोंचा झाला, तर एकूण वाढ २०० किलोंच्या आसपास जाते. दोन माणसांचे १३० किलो त्यात मिळवा. उरतात १३७०. एक भरलेले टोमॅटोचे क्रेट २२ किलोंचे धरले, तर कागदावर ७७ क्रेट नेणारी गाडी प्रत्यक्षात ६२ क्रेट नेते.

अडचण अशी, की पिंजरा उंच झाला की त्यात एका थराला १६ प्रमाणे सहा थर, म्हणजे ९६ क्रेट सहज मावतात, आणि बाजारभाव चढा असला की मावतात म्हणून ती भरली जातात. तेव्हा गाडी सुमारे ७४० किलोंनी अतिभारित असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार अतिभारासाठी २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. माल हौद्याबाहेर डोकावत असेल, तर त्यासाठीही २०,००० रुपयांचा वेगळा दंड आहे. एका खेपेतील जादा क्रेटांमधून मिळणारे पैसे आणि हा दंड यांची तुलना प्रत्येक मालकाने स्वतः कागदावर मांडून पाहावी.

यातून आमचा पहिला सल्ला निघतो. आपण नेहमी नेता तो माल किती किलो भरतो हे आधी ठरवावे, त्यात बॉडीचे आणि माणसांचे वजन मिळवावे, आणि मगच मॉडेल पाहावे. या वर्गात आज पर्याय बरे आहेत. महिंद्राची बोलेरो पिकअप आमच्या भागात सर्वाधिक दिसते आणि तिचे सुटे भाग गावोगाव मिळतात. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मालिकेत दोन टन वहनक्षमता आणि ३०५० मिमी लांब हौदा असलेले मॉडेल आहे. टाटाची योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन क्षमतेसह आली. अशोक लेलँडची दोस्त हलकी असून गावातल्या अरुंद गल्ल्यांत सोयीची पडते. दीड टनाची गाडी घेऊन तिच्यावर दोन टनांची बॉडी बांधण्यापेक्षा सुरुवातीलाच दोन टनांची गाडी घेणे सर्व हिशेबांनी स्वस्त पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परवाना आणि कागदपत्रे

एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. त्यापुढच्या वाहनाला लागते, आणि मोठी पिकअप बहुधा या दुसऱ्या गटात मोडते. चालकाच्या लायसन्सविषयी मात्र काळजीचे कारण नाही : ७५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स पुरेसे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने दरपत्रक हाती असल्यास नवे मागून घ्यावे.

बदल करण्याविषयी कायदा काय म्हणतो, हे अधिक नीट समजून घेणे गरजेचे आहे. कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या आणि उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा कोणताही बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. ज्या बदलाला परवानगी आहे तो केल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावा लागतो. परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही जबाबदारी वाहनमालकाची असते. गाडीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर त्यांची लेखी संमती घेतल्याखेरीज आम्ही काम हाती घेत नाही.

म्हणून चासी, म्हणजे गाडीचा मूळ लोखंडी सांगाडा, लांब करणे, मागचा भाग मूळ मोजमापाबाहेर वाढवणे, पुढे लोखंडी बंपरगार्ड लावणे किंवा अनेक सुरांचा हॉर्न बसवणे ही कामे आम्ही करीत नाही. बंपरगार्डांविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते; त्याचे व्यावहारिक कारण असे, की धडकेचा जो धक्का गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून शोषायचा, तो धक्का हे गार्ड थेट चासीपर्यंत पोचवते.

पाटे वाढवण्याविषयी

आमच्याकडे सर्वाधिक होणारी मागणी म्हणजे मागच्या पाट्यांत, म्हणजे एक्सलवरच्या पानांच्या स्प्रिंगांत, एक-दोन पाने वाढवून देण्याची. या विषयावर आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत, कारण इथे प्रश्न जिवाशी निगडित आहे.

पान वाढवल्यावर भरलेली गाडी मागून बसत नाही, त्यामुळे ती भार सहज पेलते आहे असे दिसते. परंतु एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी पूर्वी होते तेच राहतात. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक झडप असते, जी गाडी मागून किती बसली आहे हे एका दांडीच्या साहाय्याने ओळखते आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब देते. गाडी रिकामी असताना मागची चाके जाम होऊन घसरू नयेत म्हणून ती दाब कमी ठेवते. गाडी भरली आणि खाली बसली की दाब वाढवते. पाटे कडक केल्यावर भरलेली गाडीसुद्धा उंचच राहते आणि झडपेला ती रिकामी वाटते. परिणामी सर्वाधिक भार असताना मागचे ब्रेक सर्वांत कमी लागतात आणि सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणकडे रात्री माल नेणाऱ्या गाडीला हे घाटातच कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरुवातीच्या काळात आम्हीही ग्राहकांच्या आग्रहाला मान देऊन अशी पाने बसवली आहेत. त्यांतील एका गाडीचे पुढचे ब्रेक घाटात तापून निकामी झाले. चालकाने ती डोंगराच्या बाजूला घासत थांबवली म्हणून जीव वाचला. त्यानंतर आम्ही हे काम बंद केले. पाटे थकले असतील, तर कंपनीने ठरवलेल्या मापाचा संच आम्ही बदलून देतो आणि त्या झडपेची दांडी तपासून देतो.

बॉडी कशी बांधावी

तळासाठी लोखंडाऐवजी ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची चौकडीची प्लेट वापरली, तर वर मोजलेल्या हौद्यात १०८ किलोंऐवजी सुमारे ३७ किलो वाढतात. ती महाग असते, हे खरे आहे. पण वाचलेले ७१ किलो म्हणजे प्रत्येक खेपेला तीन क्रेट, आणि दूध किंवा ओली भाजी वाहणाऱ्याला गंजापासून सुटका. कांदा आणि बांधकामाचे सामान वाहणाऱ्यांना मात्र आम्ही लोखंडच सुचवतो, कारण फावड्याचे आणि विटांचे घाव ॲल्युमिनियम सोसत नाही. फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या झडपा, तिन्ही बाजूंनी उघडणारे असावेत. पिंजरा नट-बोल्टांचा, सुटा होणारा घ्यावा, म्हणजे ज्या हंगामात तो नको त्या हंगामात त्याचे वजन वाहावे लागत नाही.

बॉडी चासीला धरून ठेवण्यासाठी यू-बोल्ट आणि उत्पादकाने दिलेले मूळ ब्रॅकेटच वापरतो. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडांना छिद्र पाडणे किंवा तिथे वेल्डिंग करणे आम्ही टाळतो, कारण वाकताना सर्वाधिक ताण त्या कडांवरच येतो आणि भेग तिथूनच सुरू होते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके काढून ठेवतो आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावतो; तसे न केल्यास प्रवाह इंजिनाच्या संगणकातून वाट काढतो आणि तो भाग बदलण्याचा खर्च मालकावर येतो. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे लाल आणि बाजूंना पिवळ्या, प्रमाणित छापाच्याच लावल्या जातात.

धूर गाळणारी यंत्रणा

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाविषयीची भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा आला. नव्या डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला सर्वजण डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जळून जाते, पण तेवढी उष्णता शेत ते गाव अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तयार होत नाही. म्हणून अधूनमधून गाडी महामार्गावर एका वेगाने चालवावी, आणि फिल्टरचा दिवा लागला असता इंजिन मध्येच बंद करू नये. फिल्टर कापून काढून टाकण्याचे काम आमच्याकडे होत नाही.

ज्या मॉडेलमध्ये धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, तिथे एक चूक शेतकरी कुटुंबात सहज होऊ शकते. हे द्रावण शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे असते, आणि घरात खताची गोणी असताना ते विकत कशाला घ्यायचे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. त्याचे द्रावण टाकीत गेले की नोझल आणि त्यापुढचा महागडा भाग खराब होतो आणि वॉरंटी मिळत नाही. सीलबंद कॅनमधलेच द्रावण वापरावे. या टाकीचे तोंड आणि डीपीएफ हौद्याखाली किंवा टूलबॉक्समागे झाकले जाणार नाहीत, याची काळजी आम्ही आराखड्यातच घेतो.

आमच्याकडे येताना

आरसीची किंवा बुकिंगची प्रत आणि आपल्या मालाचे एक रिकामे क्रेट, कॅन किंवा गोणी सोबत आणावी. मोजमाप त्यावरूनच घेतले जाते. विमा उतरवताना बॉडीची किंमत चासीच्या किमतीत मिळवून सांगावी, कारण अपघातानंतर न नोंदलेल्या बॉडीची भरपाई मिळवणे फार कठीण जाते. त्यासाठी लागणारे पक्के बिल आम्ही देतो. काम सुरू होण्यापूर्वी गाडीचे वजन काट्यावर करतो आणि बॉडी पूर्ण झाल्यावर पुन्हा करतो. दोन्ही काटापावत्या गाडीच्या चावीबरोबर आपल्या हाती दिल्या जातात, आणि आपल्या मालाची किती नग संख्या नियमात बसते तो आकडा आम्ही फाळक्याच्या आतल्या बाजूला रंगवून देतो.