नळदुर्गचा बंधारा

नळदुर्गचा बंधारा : बोरी नदीवरील आदिलशाही काळातील दगडी बंधारा. धाराशिव जिल्ह्यात (ता. तुळजापूर), सोलापूर–हैदराबाद महामार्गावर सोलापूरपासून सुमारे ४५ किमी. नळदुर्ग व समोरचा रणमंडळ हे दोन कोट या बंधाऱ्याने जोडले असून माथ्यावरून ये-जा होते. धरण आणि पूल अशी दोन्ही कामे तो करतो. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे.

बांधणीच्या काळाबद्दल एकमत नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअर-परंपरेत दगडी तटबंदी व बंधारा दोन्ही पहिल्या अली आदिलशाहच्या (कारकीर्द १५५८–८०) नावावर, १५५८ च्या सुमारास घातली आहेत. बंधाऱ्यातील फार्सी शिलालेख मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या (कार. १५८०–१६२७) काळातील असून त्यावरून हे काम मीर इमादीन याने इ. स. १६१३ च्या सुमारास केल्याचे मानतात. अलीने बांध घातला व इब्राहिमच्या काळी पोटातील पाणीमहालासह तो नव्याने उभा राहिला, असा मेळ घालता येतो. तो अशक्य नाही. तरीही १५५८ हे अलीच्या राज्यारोहणाचेच वर्ष, आणि एवढे काम त्याच सुमारास उरकले असेल हे पटणे अवघड. वास्तूवर कोरलेल्या लेखाला अधिक वजन द्यावे लागते. किल्ल्याचे नाव नळराजाशी जोडणारी कथा स्थलनामापुरती घ्यावी.

बांधकाम काळ्या पाषाणाच्या घडीव चिऱ्यांचे. विशेष आहे तो भिंतीच्या पोटातील पाणीमहाल. अरुंद जिन्याने खाली उतरले की कमानदार खिडकीचे दालन लागते. पावसाळ्यात माथ्यावरून कोसळणारे पाणी खिडकीसमोरून पडते, आत मात्र कोरडे राहते. पाणी भिंतीपासून दूर फेकले जाईल अशी सांडव्यांची (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटांची) रचना साधणाऱ्या कारागिरांची जाण थक्क करणारी आहे. या दोन सांडव्यांना लोक ‘नर’ व ‘मादी’ म्हणतात.

सोलापूरसाठी विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यात दीर्घकाळ झगडा चालला. त्यामुळे सोलापूर–नळदुर्ग–परांडा या पट्ट्यातील किल्ल्यांना महत्त्व आले, आणि वेढ्यात शिबंदीला पाणी पुरवणारा बंधारा हे नळदुर्गचे खरे बळ ठरले. पुढे किल्ला मोगल व हैदराबादचा निजाम यांच्याकडे गेला.

वरच्या अंगाचे बोरी धरण भरून सांडल्याखेरीज आता नर-मादी वाहत नाहीत. वाहू लागले की सोलापूरकरांची रीघ लागते.