जलचक्र, पण तमिळमधून

घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण देताना अमेरिकेत एक जुनी युक्ती वापरतात. प्रशिक्षक आत येतो आणि नमस्कार-चमत्कार न करता थेट परक्या भाषेत धडा सुरू करतो. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर तमिळ बरी. पाच मिनिटं तमिळमधून जलचक्र ऐकायचं आणि लगेच प्रश्नपत्रिका सोडवायची. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसंसुद्धा मान खाली घालतात, शेजारच्या कागदात डोकावतात, कुणी हळूच मोबाइल काढतो. एरवी वर्गात ज्यांना आपण 'लक्ष नसतं याचं' म्हणतो, ती मुलं हेच तर करत असतात.

मग तोच धडा पुन्हा. आता फळ्यावर चित्र आहे. बोट सूर्याकडे, 'सूर्यन'. समुद्राकडे, 'कडल'. तळहात हलकेच वर जातो, 'नीरावी'. ढगाकडे, 'मेगम'. बोटांनी सरी पाडत, 'मळै'. भाषा तीच, शिकवणारा तोच. पण चित्रांना नावं द्या म्हटलं की बहुतेकांना जमून जातं. 'सूर्यन' आणि 'मेगम' तर मराठी माणसाला फुकटच मिळतात. अडतो तो 'मळै'पाशी.

या फुकटच्या कमाईचं शिक्षकांना भान देणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग असतो. अमेरिकेच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकणारी मुलं सुमारे 50 लाख आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य घरांत स्पॅनिश बोलतात. या मुलांना 'इव्हॅपोरेशन' जड जाईल असं शिक्षकाला वाटतं. पण स्पॅनिशमध्ये तो 'एव्हापोरासिओन'च आहे. मूल अडखळतं ते 'अनलेस', 'ईच', 'दो' (though) अशा चिल्लर शब्दांवर. नाहीतर 'टेबल'वर, कारण त्याला माहीत असलेल्या टेबलाला चार पाय असतात आणि पुस्तकातल्या टेबलात आकडे.

आपल्या सेमी-इंग्रजीच्या वर्गात गंमत उलटी आहे. तिथल्या मुलाला 'इव्हॅपोरेशन' परका आणि 'बाष्पीभवन'ही फारसा घरचा नाही. घरी कपडे वाळतात, दूध आटतं. धडा 'आटणं'पासून सुरू झाला तर पुढचे दोन्ही शब्द टांगायला खुंटी मिळते.

अमेरिकेतल्या या साऱ्या प्रशिक्षणामागे तिथल्या कोर्टाचा एक निकालही आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी घरांतल्या सुमारे 1,800 मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यासाठी वेगळं काहीच करत नव्हत्या. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, मग अन्याय कुठे झाला, असा शाळांचा सूर होता. 1974 मध्ये 'लाऊ विरुद्ध निकल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की भाषाच कळत नसेल तर सगळ्यांना सारखं देणं म्हणजे समान वागवणं नव्हे. काय करावं, हे मात्र न्यायालयाने शाळांवर सोडलं.

पुढचा पेच कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास मांडला. मैदानावरची, मित्रांशी बोलायची भाषा मूल एक-दोन वर्षांत उचलतं. पुस्तकाची आणि परीक्षेची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. शिक्षक फसतो तो याच मधल्या काळात. पोरगी सुट्टीत फाडफाड इंग्रजी बोलते, गणितातल्या शाब्दिक उदाहरणापाशी गप्प होते, आणि शेरा पडतो, 'गणित कच्चं'.

इथे 'डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन' हा शब्द कामी येतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कॅरोल अ‍ॅन टॉमलिन्सन यांनी तो रुजवला. एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या मुलांना जसं पेलेल तसं शिकवायचं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात शिक्षक बहुतेकदा कच्च्या मुलांना सोपा कागद देतो आणि मोकळा होतो. त्याने मुलाच्या शिकण्याचं छतच खाली येतं. विषय तोच ठेवून शिडी बदलायची असते. अंगणातलं डबकं दुपारपर्यंत कुठे गेलं, हा प्रश्न सगळ्यांना एकच. नवखं मूल चार चित्रं क्रमाने लावून नावं देईल. थोडं पुढे गेलेल्याला अर्धं वाक्य मिळेल: 'द पडल गॉट स्मॉलर बिकॉज…' तिसरं मूल सावलीतलं डबकं उशिरा का आटलं, तेही लिहील. शिडी हळूहळू काढूनही घ्यायची. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत करताना हीच गोष्ट टिपली होती आणि तिला बांधकामावरच्या परांचीचं, म्हणजे 'स्कॅफोल्डिंग' हे नाव दिलं.

एक इशारा इथेच देतो. 'अमुक मूल डोळ्यांनी शिकतं, तमुक कानांनी' ही वाटणी बऱ्याच प्रशिक्षणांत अजून विकली जाते. तशी वाटणी करून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात, याला भक्कम पुरावा नाही. चित्र सगळ्यांनाच उपयोगी पडतं.

आता खरी अडचण. हे सगळं दोन दिवसांच्या शिबिरात सांगता येतं. वर्गात उतरत नाही. मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या कामाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केला, तो इथे बोलका आहे. तिथे प्रश्न इंग्रजीचा नव्हता, वाचनाचा होता. पण मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करायचे, हे सूत्र तेच. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी वर्गांत असं शिकवलं आणि मुलं पुढे गेली. शाळा सुरू झाल्यावर मात्र नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही हललं नाही. शिक्षक नालायक होते म्हणावं, तर उन्हाळ्यात शिकवणारेही सरकारी शिक्षकच होते! शाळेत अभ्यासक्रम पुरा करायचा असतो; गट पाडायला वेळ कुठला? हरियाणात 2012-13 मध्ये रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेतले, मग शिक्षकांना शिकवलं. तिथे हिंदी वाचन सुधारलं.

शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला मार्गदर्शन करण्यावरचे 60 अभ्यास 2018 मध्ये अमेरिकेतले अभ्यासक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी एकत्र पाहिले. शिकवणं चांगलंच सुधारतं, मुलांचे गुण त्या मानाने कमी वाढतात आणि कार्यक्रम मोठा केला की परिणाम पातळ होतो. हजार शिक्षकांसाठी तसे मार्गदर्शक आणायचे कुठून, हा खर्चाचा प्रश्न कुठलंही शिक्षण खातं टाळू पाहतं.

मार्गदर्शकाचं काम तसं साधं असतं. मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसायचं. अमेरिकेतल्या अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून 1970 च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतो. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असलेली मुलंही बोलतात. मनातल्या मनात स्पॅनिशमधून इंग्रजीत येणाऱ्या मुलाला तर ते वरचे दोन सेकंद हवेच असतात. तास संपल्यावर मार्गदर्शक शिक्षकाला कागद दाखवतो: बारा प्रश्न, अकरा वेळा उत्तर बाईंनीच दिलं.