मार्गदर्शक श्वानाचे आक्रमक वर्तन

अंध किंवा अंशतः दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखविण्यासाठी तयार केलेल्या कुत्र्याने माणसावर अथवा अन्य प्राण्यावर गुरगुरणे, दात विचकणे, अंगावर धावून जाणे, हवेत जबडा मारणे किंवा प्रत्यक्ष चावणे. दचकून एकदा भुंकणे यात सहसा धरत नाहीत. समोरून वाहन येत असताना आज्ञा झुगारून कुत्रा जागीच थांबतो किंवा मालकाला आडवा येतो, तेही आक्रमण नव्हे. ती शिकवलेली ‘बुद्धिपुरस्सर अवज्ञा’ असते. शिकाऊ मालकांची या दोहोंत गल्लत होते.

मार्गदर्शक कुत्र्यांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची सुरुवात सामान्यतः १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी काढलेल्या शाळेपासून मानतात. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ती होती. व्हिएन्नात योहान व्हिल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्येच अशा प्रशिक्षणाचे वर्णन केले होते, पण त्यातून सलग परंपरा निर्माण झाल्याचे दिसत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आरंभीच्या जर्मन शाळांची बरीचशी रीत लष्करी व पोलिसी श्वानप्रशिक्षणातून आली आणि कुत्रेही प्रामुख्याने जर्मन शेफर्ड होते. १९३१ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे तयार झालेले पहिले चार कुत्रे याच जातीचे. राखणदारी हा तेव्हा निव्वळ दोष मानला जात होता की काही अंशी गुण, याविषयी मतभेद संभवतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व त्यांच्या संकरांकडे पुढे जो कल झुकला, त्यामागे स्वभावाइतकीच आकार, केस आणि पैदाशीची सोय ही कारणे असावीत.

आक्रमकतेच्या उगमाचा वाद अधिक लांबला. कुत्रा वरचढ होऊ पाहतो म्हणून चावतो, या समजुतीला रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार दिला जाई. ते लांडगे बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. रानातला कळप बहुधा आईबाप व त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असतो, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडले. प्राणिवर्तनाच्या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेनेही २००८ च्या निवेदनात वर्चस्व-सिद्धांतावर बेतलेल्या उपचारांबाबत सावधगिरीचा इशारा दिला. खुद्द मार्गदर्शक कुत्र्यांवरचा पुरावा भीतीच्या बाजूने अधिक बोलतो. जेम्स सर्पेल व युयिंग श्यू यांनी २००१ मध्ये अशा कुत्र्यांच्या स्वभावमापनासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात अनोळखी माणसाची भीती आणि त्याच्यावरचे आक्रमण यांविषयीची उत्तरे संख्याशास्त्रीय विश्लेषणात एकाच घटकात, म्हणजे सोबत बदलणाऱ्या उत्तरांच्या एकाच गटात, येऊन पडली. पाळीव कुत्र्यांसाठी २००३ मध्ये तयार झालेल्या ‘सी-बार्क’ या विस्तारित आवृत्तीत ती वेगळी झाली, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे म्हणता येत नाही. तरी त्यांचे जवळचे नाते मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते.

पिल्लाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातील अनुभवांचे महत्त्व जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यांच्या सहकार्याने क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी कॅलिफोर्नियातील मार्गदर्शक कुत्र्यांच्या शाळेत पिल्लांच्या चाचण्या सुरू केल्या. तेथे यशाचे प्रमाण खूप वाढले, असे सांगितले जाते. मात्र त्यात चाचण्यांचा वाटा किती आणि निवडक पैदाशीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

एरवी कुत्र्याचा मालक आक्रमणाची चाहूल डोळ्यांनी घेतो : अंग ताठरणे, नजर रोखली जाणे, ओठ आक्रसणे. अंध मालकाला यांतले काहीच दिसत नाही. त्याला जे कळते ते हार्नेसच्या, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवलेल्या साजाच्या, डाव्या हातात धरलेल्या कडक मुठीतून. एकसारखी पुढे जाणारी ओढ अचानक तुटते, मूठ एका बाजूला कलते, कुत्र्याचे वजन पुढच्या पायांवर गेल्याने ती किंचित खाली दबते, किंवा चाल इतकी आखडते की मनगटाला बसणारे हेलकावेच थांबतात. अनुभवी मालक हे बदल गुरगुर सुरू होण्याआधीच ओळखतात. गुरगुर ही मात्र कानांनी कळणारी जवळजवळ एकमेव सूचना होय. तिच्याबद्दल कुत्र्याला मारले, पट्ट्याला हिसका दिला, तर तो गुरगुरणे सोडतो पण चावणे सोडेलच असे नाही. डोळस मालकाकडे निदान बाकीची लक्षणे उरतात, अंधाकडे मुठीतून जाणवेल तेवढेच उरते.  मेगन हेरॉन व सहकाऱ्यांच्या २००९ मधील पाहणीत मारणे, गुरकावणे, उलथे पाडून दाबून धरणे अशा उपायांना काही कुत्र्यांनी आक्रमणानेच उत्तर दिल्याचे दिसले.

प्रसंग घडताच मालकाने थांबावे, हार्नेसची मूठ सोडून पट्टा आखूड धरावा, शांत आवाजात कुत्र्याला मागे वळवून अंतर वाढवावे आणि त्याच दिवशी कुत्रा देणाऱ्या शाळेला कळवावे. मूठ सोडणे म्हणजे काम थांबल्याची खूण. ती धरून ठेवली तर वाट दाखवायची की समोरच्याकडे पाहायचे, या पेचात कुत्रा पडतो. त्यानंतर पशुवैद्यकीय तपासणी. कानाचा संसर्ग, दातदुखी, खुब्याच्या सांध्याचा विकार, काखेत चोळवटणारा हार्नेस, कुत्र्याची स्वतःचीच अधू होत चाललेली नजर अशी कारणे निघू शकतात. आजवर शांत असलेला प्रौढ कुत्रा एकाएकी बिथरला तर दुखण्याचा संशय आधी घ्यावा.

शारीरिक कारण नसल्यास प्रति-अभिसंधान करतात, म्हणजे भीतीच्या निमित्ताशी सुखद अनुभव जोडतात. भीतीचे निमित्त इतक्या लांब ठेवायचे की कुत्रा ते पाहील पण ताठरणार नाही. ते दिसताच खाऊ द्यायचा, दिसेनासे होताच थांबवायचा. मग अंतर थोडेथोडे कमी करायचे. हे अंतर नजरेनेच मोजावे लागत असल्याने पहिले टप्पे प्रशिक्षक एकटा पार पाडतो. जोडीने सराव सुरू झाल्यावर तो मागून चालत मालकाला सांगत राहतो.

कुत्र्यांवर भुंकणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्याच्या पूर्वेतिहासात अनेकदा त्याच्यावरच झालेला हल्ला असतो. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१५ या काळात मार्गदर्शक कुत्र्यांवर अन्य कुत्र्यांनी केलेल्या ६२९ हल्ल्यांची नोंद झाली. काही कुत्रे शरीराने बरे होऊनही पुन्हा कामास लावता आले नाहीत.

माणसाला चावलेल्या कुत्र्याला शाळा बहुधा सेवेतून काढून घेतात. अमेरिकेतील अपंगत्वविषयक कायद्याच्या नियमांनुसार कुत्रा आवरेनासा झाला आणि मालकाने परिणामकारक उपाय केला नाही, तर कुत्र्याला बाहेर नेण्यास सांगता येते. केवळ जातीवरून मात्र प्रवेश नाकारता येत नाही, आणि कुत्र्याला बाहेर नेल्यावरही मालकाला त्याच्याशिवाय सेवा घेण्याची संधी द्यावी लागते.